'पोलीस ॲक्शन' : एका वृत्तपत्रीय शब्दप्रयोगाचे अर्थ व त्यांचा कालविस्तार

(१) विषयप्रवेश

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत वाचल्या जाणाऱ्या मराठी वृत्तपत्रांचा, 'पोलीस' व 'कारवाई' हे दोन शब्द एकत्र आलेले नाहीत, असा अंक सापडणे कठीण आहे. वाळूने भरलेला ट्रॅक्टर पकडला गेला, गुटख्याचा साठा जप्त झाला किंवा जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला, की 'पोलिसांची कारवाई' हे शब्द मथळ्यात आलेच. त्याच वृत्तपत्राचा सप्टेंबर महिन्याच्या मध्यावरील अंक उघडला तर मात्र 'पोलीस कारवाई' किंवा 'पोलीस ॲक्शन' या नावाने अगदी निराळ्या घटनेचा उल्लेख केलेला आढळतो. ती घटना म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात केलेली मोहीम होय. पहिल्या प्रकारच्या कारवाईस एक फौजदार व चार शिपाई पुरतात. दुसऱ्या प्रकारच्या कारवाईत चिलखती दल, तोफखाना व विमाने यांनी भाग घेतला होता.

एका शब्दाचे दोन अर्थ असणे ही भाषेत नित्याची गोष्ट आहे व तेवढ्यासाठी संशोधनपत्रिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा पुढचा आहे. १९४८ सालच्या घटनेसाठी जेव्हा 'पोलीस ॲक्शन' हा शब्दप्रयोग योजिला जातो, तेव्हा त्याही एका मर्यादेत त्याचे अर्थ अनेक होतात. आणि हे अर्थ प्रामुख्याने एका बाबतीत परस्परांहून भिन्न असतात, ती बाब म्हणजे काळाची लांबी. कोणाची पोलीस ॲक्शन पाच दिवसांत संपते, कोणाची तेरा महिन्यांच्या लढ्याचा केवळ शेवट असते, तर कोणाची सतरा तारखेनंतरच सुरू होते. हा शब्दप्रयोग साधन म्हणून वापरणाऱ्या अभ्यासकाने 'येथे किती दिवस अभिप्रेत आहेत?' हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

(२) शब्दाची घडण

निजामी कारभाराची भाषा उर्दू होती. त्या कारभारात पोलीसखात्यास कोतवाली म्हणत आणि ठाण्याचा अधिकारी 'अमीन' या नावाने ओळखला जाई. 'कारवाई' हा शब्द मूळचा फार्सी. काम चालविणे, प्रकरण पुढे नेणे, असा त्याचा अर्थ होय. कचेरीतील एखाद्या अर्जावर काय झाले, एवढेच त्यातून निघे. 'एखाद्याविरुद्ध योजिलेला कडक उपाय' ही आजच्या मराठी बातमीतील छटा त्यास पुढे चिकटली.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. १९४८ साली 'पोलीस ॲक्शन' हा शब्दप्रयोग मराठवाड्यात आला तो बाहेरून, इंग्रजी राजभाषेतून, सरकारी निवेदने व आकाशवाणी यांच्या द्वारे आणि पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांतून. त्याचे 'पोलीस कारवाई' असे भाषांतर झाले, ते लेखी मराठीत रुळलेही. परंतु बोलण्यात राहिला तो मूळ इंग्रजी जोडशब्दच. याचे कारण उघड आहे. 'कारवाई' हे सामान्यनाम आहे व ते कोणत्याही दिवशी कोणत्याही छाप्यास लावता येते. 'ॲक्शन' हे मात्र मराठवाड्याच्या बोलीत विशेषनाम होऊन बसले. खेड्यातील वृद्ध मनुष्य नुसते 'ॲक्शन' म्हणतो, तेव्हा कोणत्या ॲक्शनविषयी बोलणे चालले आहे हे त्यास विचारावे लागत नाही.

(३) दिल्लीचा अर्थ : पाच दिवस

सैन्याने ज्या मोहिमेस स्वतःच्या कागदपत्रांत 'पोलो' हे सांकेतिक नाव दिले होते, तिला जाहीरपणे 'पोलीस ॲक्शन' का म्हटले गेले? याचे उत्तर त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय परिस्थितीत आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला होता. तो मोडल्याचे आरोप उभय पक्षांकडून होत होते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार दाखल केली. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र मानले गेले असते, तर भारतीय सैन्याचा प्रवेश हे आक्रमण ठरले असते. हैदराबाद हा भारताचाच एक भाग मानला, तर सैन्याचा प्रवेश हा अंतर्गत शांतता राखण्याचा उपाय ठरे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेनुसार राष्ट्राच्या अंतर्गत बाबींत त्या संस्थेस हस्तक्षेप करता येत नाही. तेव्हा 'पोलीस' हे विशेषण म्हणजे मोहिमेचे वर्णन असण्यापेक्षा एक कायदेशीर युक्तिवाद होता, असेच म्हणावे लागते. १६ सप्टेंबरला पॅरिस येथे सुरक्षा समितीत या तक्रारीचा विचार सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेत असल्याचे कळविले.

प्रत्यक्ष मोहिमेचे स्वरूप मात्र पूर्णतः लष्करी होते. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या बाजूने शिरली व पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतले. वायव्येकडून आलेल्या दुसऱ्या तुकडीने औरंगाबाद व जालना घेतल्यावर लातूर व मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबेजोगाई, या दिशेने कूच केले. शरणागतीनंतर संस्थानाचा कारभार हाती घेणाऱ्या चौधरींचे पद 'लष्करी गव्हर्नर' असे होते आणि ही राजवट १९४९ अखेरपर्यंत चालली. पोलीस ॲक्शनमधून लष्करी राजवट उत्पन्न व्हावी, ही शब्दातील विसंगती त्या काळीही लपून राहिली नसेल.

या विसंगतीचा एक पुरावा मानचिन्हांच्या इतिहासात मिळतो व तो मराठवाड्याच्या भूमीशी निगडित आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी नळदुर्ग येथे लढताना दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग यांनी प्राण दिले. त्याच दिवशी तुंगभद्रेच्या रेल्वेपुलापाशी गुरखा पलटणीचे नाईक नरबहादुर थापा यांनी असाधारण शौर्य गाजविले. या दोघांस पुढे पहिल्या वर्गाचे अशोकचक्र देण्यात आले. हे मानचिन्ह जानेवारी १९५२ मध्ये स्थापन झाले व ते शत्रूच्या समोर नव्हे अशा प्रसंगीच्या शौर्यासाठी आहे; रणांगणावर शत्रूसमोर गाजविलेल्या शौर्यासाठी परमवीरचक्र आहे. ज्यांच्या गोळीबारात बचित्तरसिंग धारातीर्थी पडले, ते कायद्याच्या दृष्टीने 'शत्रू' नव्हते. वृत्तपत्रातील मथळा दुसऱ्या दिवशी जुना होतो; येथे मात्र एका शब्दाने मरणोत्तर सन्मानाचा वर्ग ठरविला.

दिल्लीच्या या अर्थाने पोलीस ॲक्शन १३ तारखेस सुरू होते व १७ तारखेस संपते. तिला प्रारंभ आहे, शेवट आहे, आणि शेवटी यश आहे. व्ही. पी. मेनन यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या संस्थानांच्या विलीनीकरणाच्या इतिहासापासून आजच्या स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांपर्यंत हाच अर्थ प्रचलित आहे.

(४) समकालीन जगातील प्रयोग

त्या दोन-तीन वर्षांत हा शब्दप्रयोग केवळ भारतातच वापरला गेला असे नाही. इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मोडून काढण्यासाठी डचांनी जुलै १९४७ मध्ये व पुन्हा डिसेंबर १९४८ मध्ये ज्या मोठ्या लष्करी मोहिमा केल्या, त्यांस त्यांनी 'पोलीसी कारवाया' असेच नाव दिले होते. युक्तिवादही तोच होता : प्रदेश आमचा, बंडाळी आमच्या घरातली, बाहेरच्यांनी बोलू नये. भारत सरकारने हा युक्तिवाद मान्य केला नाही. जुलै १९४७ च्या अखेरीस भारत व ऑस्ट्रेलिया यांनी हा प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला आणि दुसऱ्या मोहिमेनंतर जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी नवी दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली. म्हणजे हैदराबादेत ज्या शब्दाचा आश्रय घेतला गेला, त्याच शब्दाचा बटाव्हियातील प्रयोग दिल्लीने पुढेमागे काही महिन्यांच्या अंतराने अमान्य केला. दोन्ही प्रकरणांतील वस्तुस्थिती सारखी नव्हती. एकीकडे सागरापलीकडून आलेली वसाहतवादी सत्ता होती. दुसरीकडे चोहोंकडून भारताने वेढलेले व बहुसंख्य प्रजेस विलीनीकरण हवे असलेले संस्थान होते. परंतु वस्तुस्थितीतील हा भेद शब्दातून कळत नाही, तो शब्दाबाहेर जाऊनच शोधावा लागतो, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

तिसरे उदाहरण कोरियाचे. २९ जून १९५० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांस वार्ताहर परिषदेत एका वार्ताहराने विचारले की, ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखालील पोलीस ॲक्शन आहे असे म्हणता येईल काय? अध्यक्षांनी होकार दिला. पुढे तीन वर्षे चाललेल्या व लक्षावधी माणसे बळी घेणाऱ्या युद्धास हे नाव चिकटले, ते वार्ताहराच्या प्रश्नातून. शब्द बनविण्यात सरकारइतकाच वृत्तव्यवसायाचाही वाटा असतो, हे त्यावरून दिसून येते.

(५) जिल्ह्याचा अर्थ : तेरा महिन्यांचा शेवट

नांदेड, लातूर, बीड, परभणी येथील स्वातंत्र्यसैनिकांच्या दृष्टीने 'पोलीस ॲक्शन' हा शब्द नेहमीच अपुरा राहिला आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याचा दिवस पाळून सत्याग्रह आरंभिला. तेव्हापासून सप्टेंबर १९४८ पर्यंतचे तेरा महिने हा त्यांच्या दृष्टीने खरा इतिहास आहे. सीमेवरील शिबिरे, करोडगिरीच्या नाक्यांवरील हल्ले, शिंदीची झाडे तोडणे, तुरुंगवास, रझाकारांशी झालेल्या चकमकी, हे सारे त्यात येते. नांदेड जिल्ह्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा १९४६ साली झालेला खून पाहता हा काळ त्याहूनही मागे नेता येईल. स्वामीजी स्वतः मोहिमेच्या वेळी निजामाच्या तुरुंगात होते.

या लढ्याचे वर्णन 'पोलीस ॲक्शन' या शब्दाने केले, की त्यातील कर्ता बदलतो. क्रियापदाचा कर्ता दिल्लीचे सरकार होते आणि मराठवाड्यातील माणूस केवळ मुक्त केला गेलेला, म्हणजे कर्म, उरतो. म्हणूनच 'मुक्तिसंग्राम' या शब्दाचा आग्रह धरण्यात आला. अनंत भालेराव यांनी आपल्या ग्रंथास 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' असे नाव दिले. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेल्या व पुढे दैनिक झालेल्या 'मराठवाडा' पत्राचे ते दीर्घकाळ संपादक होते, हे लक्षात घेता ग्रंथनामातील ही निवड वृत्तपत्रीय भाषेच्या जाणत्या माणसाची आहे, असे म्हणावयास हरकत नाही. १७ सप्टेंबर हा दिवस शासकीय पातळीवरही 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणून पाळला जातो. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे ज्याच्या कार्यक्षेत्रात येतात, ते स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ १९९४ साली याच तारखेस स्थापन झाले.

तरीही 'पोलीस ॲक्शन' हा शब्द मागे पडला नाही. वर्धापनदिनाच्या पुरवणीत मथळा 'मुक्तिसंग्रामा'चा असतो आणि आतील मजकुरात तारीख सांगण्याची वेळ आली की 'पोलीस ॲक्शन' येते. एक शब्द गौरवाचा, दुसरा कालनिर्देशाचा, अशी ही वाटणी झालेली दिसते. स्वातंत्र्यसैनिकाच्या निधनवार्तेत मात्र ही वाटणी कधी कधी मोडते. 'त्यांनी पोलीस ॲक्शनमध्ये भाग घेतला' अशा धर्तीचे वाक्य लिहिले, तर त्याचा शब्दशः अर्थ तो गृहस्थ भारतीय सैन्यात होता असा होईल. लिहिणाऱ्यास अभिप्रेत असतो तो तेरा महिन्यांचा लढा. शब्द वापरला जातो तो पाच दिवसांचा.

(६) 'नंतर' या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ

आता ज्या अर्थाविषयी मराठी वृत्तपत्रे व मराठी इतिहासलेखन दीर्घ काळ मितभाषी राहिले, त्याकडे वळले पाहिजे. कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. त्याच्या रझाकार संघटनेने १९४७-४८ मध्ये संस्थानातील हिंदू प्रजेवर, तसेच विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या मुसलमानांवरही जे अत्याचार केले, ते सर्वश्रुत आहेत. उर्दू दैनिक 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये झालेला खून हे त्याचे ठळक उदाहरण होय. रझाकारांचा पराभव झाल्यावर मात्र अनेक गावांतून सूडाची लाट उसळली आणि तिच्यात ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले.

याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे मंडळ भारत सरकारच्या सांगण्यावरून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. यांपैकी काझी अब्दुल गफ्फार हे हैदराबादेतील 'पयाम' या उर्दू पत्राचे संस्थापक-संपादक, म्हणजे वृत्तव्यवसायातीलच होते. मंडळाने सोळांपैकी नऊ जिल्ह्यांस भेट दिली. पोलीस ॲक्शनच्या काळात व तिच्यानंतर सबंध संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज मंडळाने दिला. सर्वांत अधिक हानी झालेले जिल्हे म्हणून त्याने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ही चार नावे नोंदविली आणि या चारांत मिळून निदान १८,००० माणसे मेल्याचे म्हटले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला. लातूर शहराविषयी मंडळाची नोंद अशी की, तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू राहिल्या, एक हजारावर माणसे मारली गेली, आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. रझाकारांनी पूर्वी केलेल्या अत्याचारांची, तसेच अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे प्राण वाचविल्याचीही नोंद याच अहवालात आहे.

हे आकडे प्रत्यक्ष गणनेचे नसून अंदाजाचे आहेत आणि मंडळाच्या अधिकाराविषयी त्या वेळी सरकारातच मतभेद होते, हे सांगितले पाहिजे. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील भाग २००१ साली नियतकालिकातून आणि पुढे २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरील इंग्रजी ग्रंथातून वाचकांपुढे आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या अहवालातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर' हा कालनिर्देश. दिल्लीच्या अर्थाने जी घटना १७ तारखेस संपली, ती लातूरच्या ज्या कुटुंबांची माणसे ऑक्टोबरात मारली गेली, त्यांच्या बोलण्यात संपलेली नव्हती. ही कुटुंबे 'पोलीस ॲक्शननंतरच्या दंगली' असे सहसा म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी 'पोलीस ॲक्शन' हा शब्द त्या सबंध आठवड्यांचे नाव आहे. उर्दू लेखनात संस्थानाच्या अंतासाठी 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन, हा शब्द रूढ आहे. पण तो राज्याविषयी आहे, गावातल्या मृत्यूंविषयी नाही. घरात बोलताना 'पोलीस ॲक्शन' हेच दोन शब्द येतात. दिल्लीच्या दृष्टीने 'नंतर' हे अव्यय घटनेच्या बाहेर पडते. लातूरच्या या घरांत तेच घटनेचा गाभा आहे.

तेलंगणातील शेतकरी लढ्याच्या इतिहासात या शब्दाची लांबी आणखी वाढते. तेथे सैन्य आले ते रझाकारांपुरते आले नाही. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील सशस्त्र लढा ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेतला जाईपर्यंत त्याविरुद्धची कारवाई चालू होती. पी. सुंदरय्या यांच्यासारख्या लेखकांच्या दृष्टीने सप्टेंबर १९४८ हा त्या लढ्यातील एका नव्या व अधिक कठीण कालखंडाचा आरंभ ठरतो.

(७) कालगणनेचा खुंटा

नांदेड-लातूरच्या खेड्यांत हा शब्द आणखी एका कामी येतो, व ते काम कॅलेंडरचे आहे. ज्या पिढीकडे जन्माचा दाखला नव्हता, तिने आपले वय 'ॲक्शनच्या साली मी एवढा होतो' असे हाताने उंची दाखवून सांगितले. वाडा केव्हा बांधला, विहीर केव्हा खणली, थोरली बहीण केव्हा दिली, याची उत्तरे 'ॲक्शनच्या अगोदर' किंवा 'ॲक्शननंतर' अशी येतात. येथे सैन्य, रझाकार, मुक्ती वा हत्या यांपैकी काहीच बोलणाऱ्याच्या मनात असेल असे नाही. दुष्काळ, प्लेग, पूर यांप्रमाणे तो केवळ काळाच्या दाव्याचा खुंटा आहे.

जमिनीच्या प्रकरणांत या खुंट्यास कायद्याचे बळ मिळते. १९४९ साली जहागिरी नष्ट करण्यात आल्या आणि १९५० साली हैदराबादचा कूळ व शेतजमीन कायदा झाला. त्यामुळे शेतजमीन, इनाम, देवस्थान वा वक्फ यांविषयीच्या बातमीत 'पोलीस ॲक्शनपूर्वी' हे शब्द आले, की त्यांचा अर्थ 'निजामी महसूलव्यवस्थेत' असा घ्यावा लागतो. ज्या बातमीत गाव सोडून गेलेल्या माणसाच्या मालमत्तेचा प्रश्न असेल, तेथे मात्र हा कालनिर्देश वाटतो तेवढा निरुपद्रवी नसतो. माणूस का गेला हे तो सांगत नाही; केव्हा गेला एवढेच सांगून थांबतो.

(८) वृत्तपत्रीय साधने वाचण्याची रीत

वरील विवेचनावरून अभ्यासकांस उपयोगी पडावीत अशी तीन सूत्रे मांडता येतील.

पहिले सूत्र स्तंभाचे. शब्दाचा अर्थ बातमी वृत्तपत्राच्या कोणत्या स्तंभात आली यावर बराच अवलंबून असतो. गुन्हेवृत्तातील 'पोलीस कारवाई' एका संध्याकाळची असते. अग्रलेखातील किंवा वर्धापनदिनाच्या लेखातील 'पोलीस ॲक्शन' पाच दिवसांची असते आणि तिच्यामागे विलीनीकरणाचा यशस्वी वृत्तांत गृहीत असतो. निधनवार्तेत ती तेरा महिन्यांच्या लढ्याची प्रतिनिधी होते. न्यायालयीन वा महसुली बातमीत ती दोन राजवटींमधील सीमारेषा असते. मुलाखतीत व आठवणींत तिची लांबी बोलणाऱ्याच्या घरावर ठरते.

दुसरे सूत्र कर्त्याचे. 'पोलीस ॲक्शन झाली' या वाक्यात कर्ता नाही. ती पाऊस पडावा तशी 'होते'. कोणी केली, कोणावर केली, हे वाक्यातून गळून पडते. मराठीतील 'कारवाई झाली', 'कारवाई करण्यात आली' या बातम्यांतील नित्याच्या कर्मणि रचना या गळतीस साह्य करतात. जेथे जेथे अशी रचना आढळेल, तेथे अभ्यासकाने कर्ता व कर्म यांची नावे अन्य साधनांवरून भरून काढली पाहिजेत.

तिसरे सूत्र, व प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने मुख्य, काळाचे. 'पोलीस ॲक्शनमध्ये मेलेले' असा उल्लेख असलेल्या दोन बातम्यांची वा दोन मुलाखतींची बेरीज करण्यापूर्वी दोहोंतील कालमर्यादा एकच आहे काय, हे पाहिले पाहिजे. पाच दिवसांत सैनिकी चकमकींत मेलेल्यांचा आकडा आणि पुढील आठवड्यांत गावोगाव मेलेल्यांचा आकडा हे एकाच नावाखाली छापले गेल्यामुळे 'अतिशयोक्ती' व 'लपवाछपवी' असे परस्परांवरील आरोप झालेले आढळतात. यांतील काही वाद मतांचे आहेत हे खरे. पण काही केवळ कालमर्यादेच्या घोटाळ्यातून उद्भवलेले आहेत व ते मिटविता येण्याजोगे आहेत.

(९) समारोप

एक प्रश्न शिल्लक राहतो. इतके परस्परविरोधी अर्थ वाहणारा हा शब्दप्रयोग टिकला कसा? प्रस्तुत लेखकाच्या मते तो टिकला तो त्याच्या कोरडेपणामुळे. 'मुक्तिसंग्राम' म्हणणारा मनुष्य आपली बाजू उघड करतो. 'पतन' म्हणणाराही करतो. १७ सप्टेंबर या एकाच दिवसास २०२२ साली हैदराबाद शहरात केंद्र सरकारने 'मुक्तिदिन' म्हटले व राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटले, यावरून नावाची निवड म्हणजे पक्षाची निवड कशी होते हे स्पष्ट व्हावे. 'पोलीस ॲक्शन' या शब्दात स्तुतीही नाही व आरोपही नाही. सुरक्षा समितीपुढील युक्तिवादासाठी घडविलेला हा सरकारी शब्द नांदेड-लातूरच्या बाजारात, तालुक्याच्या कचेरीत, एकाच बसच्या बाकावर बसलेल्या दोन शेजाऱ्यांच्या तोंडी विनाभांडण येऊ शकला. कारण प्रत्येकाने त्यात आपापला काळ भरला आणि दुसऱ्याने कोणता भरला आहे हे विचारले नाही.

शेजारधर्मास हे न विचारणे पोषक ठरले असेल. इतिहासलेखनास ते परवडण्यासारखे नाही. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रंथालयांत जुन्या मराठी व उर्दू वृत्तपत्रांच्या ज्या फाइली उरल्या असतील, त्यांतील या शब्दप्रयोगाच्या प्रत्येक उल्लेखाची तारीख, स्तंभ, कर्ता व अभिप्रेत कालमर्यादा अशी चार रकान्यांची नोंद करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे. ज्यांना १९४८ चा पावसाळा स्वतःच्या डोळ्यांनी आठवतो, अशी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलाखती घेताना 'पोलीस ॲक्शनविषयी सांगा' असे म्हणून थांबू नये. ती आपल्या गावी कोणत्या दिवशी आली आणि कोणत्या दिवशी संपली, हे दोन प्रश्न त्यापाठोपाठ विचारावेत, आणि उत्तर जसे येईल तसे, सतरा तारखेशी जुळवून न घेता, टिपून ठेवावे.